इंजेरा म्हणजे जेवण, बाकी सगळं तोंडी लावणं

वॉशिंग्टनमध्ये यू स्ट्रीट आणि नाइन्थ स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर, किंवा तिथून उत्तरेला मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला, इथिओपियन खाणावळीत पहिल्यांदा शिरलेल्या मराठी टेबलावर एक संवाद ठरलेला असतो. परातीएवढं ताट येतं. त्यावर पसरलेला मऊ, तपकिरी, जाळीदार इंजेरा आणि इंजेऱ्यावर सहा-सात रंगांचे ढीग. पहिला घास तोंडात जातो आणि कोणीतरी म्हणतं, "आंबट आहे. आणि गार. जरा गरम करून देतील का?"

इंजेरा गारच वाढायचा असतो. तव्यावरून उतरला की तो पूर्ण निवू देतात, मगच चळतीत ठेवतात. गरम असताना एकावर एक ठेवले तर वाफेने चिकटतात आणि खालची बाजू लिबलिबीत होते. आंबटपणाही मुद्दाम आणलेला, दोन-तीन दिवस पीठ आंबवून. आपण तो पोळीच्या जागी धरतो, म्हणजे भाजी मुख्य आणि पोळी तिला उचलायला. तिथे हिशेब उलटा आहे. इंजेरा हेच जेवण, ढीग त्याला तोंडी लावायला. हे एकदा डोक्यात बसलं की काय मागवायचं, किती मागवायचं, कुठून खायला सुरुवात करायची, हे सगळं आपोआप सुटतं.

१९७४ च्या क्रांतीत सम्राट हाइले सेलासी पदच्युत झाले, दर्गची लष्करी राजवट आली आणि देश सोडलेल्यांपैकी बरेचजण वॉशिंग्टनला स्थिरावले. आधी अॅडम्स मॉर्गनमधल्या एटीन्थ स्ट्रीटवर खाणावळी निघाल्या, मग भाडी वाढत गेली तशा त्या यू स्ट्रीटकडे, आणि पुढे सिल्व्हर स्प्रिंग, व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया असा बाहेरचा रस्ता धरत गेल्या. म्हणून आज साधी, घरगुती, टीव्हीवर इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतल्या बातम्या चालू असलेली जागा हवी असेल तर उपनगरात जावं. मेट्रोने जाणाऱ्यांना ग्रीन लाइनचं यू स्ट्रीट आणि रेड लाइनचं सिल्व्हर स्प्रिंग ही दोन स्टेशनं पुरतात. यू स्ट्रीटला शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नये. पार्किंग शोधण्यात भूक मरते.

अशा साध्या जागांत पुढच्या भागात बहुधा छोटं दुकान असतं: पिशवीबंद इंजेरे, बेरबेरे हा तिखट मसाला, तेफचं (इंजेरा ज्या धान्याचा करतात त्याचं) पीठ, कच्च्या कॉफीच्या बिया. मागे आठ-दहा टेबलं. काही ठिकाणी कोपऱ्यात मेसोब ठेवलेला असतो, म्हणजे वेताच्या मोढ्यासारखा विणलेला रंगीत उंच टोपला. त्याचं झाकण काढून वर ताट ठेवतात आणि भोवती बुटक्या स्टुलांवर बसतात. दिसायला छान, पण गुडघे दुखणाऱ्यांनी साधं टेबल मागावं, आणि चारपेक्षा जास्त माणसं एका मेसोबाभोवती नीट मावत नाहीत. बसण्याआधी हात धुऊन यावं. इथिओपियात यजमान हातावर तांब्याने पाणी घालतो, खाली तस्त धरतो. इथे बेसिनवर जायचं.

आता मेन्यू. शाकाहारी माणूस "व्हेजिटेरियन" हा शब्द शोधतो आणि तिथेच चूक होते. शब्द वेगळाच शोधायचा: त्सोम. त्सोम म्हणजे उपवास. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, ईस्टरनंतरचे पन्नास दिवस सोडले तर वर्षभर. त्याखेरीज ईस्टरआधीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास, ऑगस्टमधला पंधरा दिवसांचा, आणि नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यापासून ६ जानेवारीपर्यंत नाताळाआधीचा. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. या दिवसांत मांस, अंडं, दूध, लोणी काहीच चालत नाही. आपल्या उपवासाशी त्याचा मेळ घालायला जाऊ नये, कारण कांदा, लसूण, मसूर, हरभरा सगळं चालतं. साबुदाण्याला मात्र तिथे कोणी ओळखत नाही.

याचा फायदा असा की दुधा-तुपाशिवायचं जेवण ही त्यांची शेकडो वर्षांची सवय आहे, पाहुण्यांसाठी काढलेली पळवाट नव्हे. मेन्यूत "येत्सोम बेयायनेतू" लिहिलेलं असतं. बेयायनेतू म्हणजे नाना प्रकारचं, आणि येत्सोम बेयायनेतू म्हणजे उपवासाची मिसळ-थाळी. इंग्रजी मेन्यूत तिलाच "व्हेजी कॉम्बो" म्हणतात. या ताटातलं सगळं तेलात शिजवलेलं असतं. पण ताटाबाहेर, सुटे पदार्थ मागवताना सावध राहायचं. तीच कीक अलिचा, म्हणजे हळदीतली पिवळ्या वाटाण्याची डाळ, कुठे नितर किबे घालून करतात. नितर किबे म्हणजे मसाले घालून कढवलेलं तूप. शिरो, म्हणजे त्यांचं पिठलं, तेलातला असतो, तसा तुपातलाही असतो, आणि "बोझेना शिरो" म्हटलं की त्यात मांसाचे तुकडे. गोमेन ही पालेभाजी. पण "गोमेन बेसिगा" म्हणजे मांसातली पालेभाजी. "सिगा" हा शब्द कुठेही दिसला की ते मांस आहे असं समजावं.

तूप चालणाऱ्या शाकाहारी माणसाला यातली निम्मी काळजी नाही, पण व्हेगन असाल तर दोन वाक्यं पाठ करून जा. "येत्सोम नव?" म्हणजे हे उपवासाचं आहे का. "किबे अलव?" म्हणजे यात तूप आहे का. उच्चार चुकले तरी चालतं. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण या शब्दांनी प्रश्न नेमका पोचतो. "नो मीट" म्हटलं की मांसापुरतं उत्तर मिळतं, तुपाचं राहून जातं. शाकाहारी मंडळींनी शक्यतो बुधवार किंवा शुक्रवारच निवडावा. त्या दिवशी त्सोमची पातेली मोठी चढतात आणि लवकर रिकामी होतात, म्हणून ताजं मिळतं. मंगळवारी दुपारी तीच डाळ आदल्या दिवशीची असण्याची शक्यता जास्त. जैनांसाठी मात्र इथे जवळजवळ काहीच नाही. कांदा हा तिथला पाया आहे.

मांसाहाऱ्यांसाठी एकच सूचना, पण महत्त्वाची: नुसतं "तिब्स" (परतलेलं मांस) किंवा "सिगा वोत" (मांसाचा रस्सा) म्हटलं तर गोमांस येणार. तेच गृहीत असतं. नको असेल तर "बेग" शब्द पाहा, म्हणजे मेंढी: बेग तिब्स, येबेग वोत. "डोरो" म्हणजे कोंबडी, "असा" म्हणजे मासा. डुकराचं मांस मिळत नाही. ऑर्थोडॉक्स आणि मुसलमान दोघेही ते खात नाहीत. हलाल हवं असेल तर खाणावळ कोणाची आहे ते विचारून घ्यावं, कारण इथिओपियात ख्रिश्चन आणि मुसलमान परंपरेने एकमेकांनी कापलेलं मांस खात नाहीत आणि हा भेद इथल्या दुकानांतही दिसतो.

किती मागवायचं? दोघांना एक त्सोम थाळी आणि एक मांसाचा पदार्थ, किंवा दोघंही शाकाहारी असतील तर एक थाळी आणि एक शिरो. तिघांना दोन थाळ्या आणि एक सुटा पदार्थ. प्रत्येकी एक थाळी मागवली की अर्धं अन्न डब्यात भरून घरी. कारण इंजेरा पोटात जाऊन फुगतो. खाताना हलका वाटतो आणि अर्ध्या तासाने कळतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सुरुवातीला सांबुसा मागवूच नये. तो समोसाच आहे, आत बहुधा मसूर, आणि त्याने इंजेऱ्याची जागा अडते. मुलं बरोबर असतील तर "अलिचा" शब्द असलेलं काहीही चालेल. अलिचा म्हणजे मिरचीविना, हळदीवरचं. "कय वोत" म्हणजे लाल रस्सा, तिखट.

वोत लगेच येतात कारण ते आधीच शिजून तयार असतात. तिब्स मात्र मागणी आल्यावर परततात, त्याला वीसेक मिनिटं लागतात. एकाच ताटात दोन्ही मागवलं तर तिब्ससाठी सगळं थांबतं. भूक जोरात असेल तर सरळ वोत.

ताट आलं की आधी बघा. खाली एक पूर्ण इंजेरा, वर ढीग, आणि कडेला किंवा वेगळ्या टोपलीत गुंडाळलेले इंजेऱ्याचे रोल. खायला सुरुवात रोलपासून करायची, खालच्या इंजेऱ्याला हात लावायचा नाही. तो रस्सा पीत राहतो आणि शेवटी सगळ्यात चविष्ट तुकडा तोच होतो. पहिल्या पाच मिनिटांत तो फाडला की रस्सा थेट ताटलीच्या पत्र्यावर उतरतो आणि मग चमचा मागायची वेळ येते. चमचा देतात, पण वाढणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर किंचित दया दिसते.

रोल उलगडून त्याचा दोन-तीन इंचांचा तुकडा तोडा. एका हाताने, उजव्याच. भाकरी एका हाताने मोडणाऱ्या घरातल्यांना हे अवघड नाही: मधलं बोट आणि करंगळीकडची बोटं दाबून धरायची, अंगठा आणि तर्जनीने ओढायचं. इंजेऱ्याला दोन बाजू असतात. वरची जाळीदार, तिला ते डोळेच म्हणतात, आणि खालची गुळगुळीत. गुळगुळीत बाजू बोटांकडे, डोळे अन्नाकडे. डोळे रस्सा धरून ठेवतात. तुकडा ढिगावर ठेवून चिमटीत पकडायचं, मुठीत घ्यायचं नाही, आणि घास पूर्ण तोंडात टाकायचा. अर्धा चावून उरलेला परत ताटात बुडवणं हे तिथेही वाईटच दिसतं. बोटं तोंडात जात नाहीत आणि रश्शातही बुडत नाहीत. आपण वरण-भात खाताना बोटं चाटतो ती सवय इथे आवरायची. नीट खाल्लं तर शेवटी बोटं जवळजवळ कोरडी राहतात.

ओले पदार्थ आधी संपवा. मिसिर वोत, म्हणजे लाल मसुराची तिखट डाळ, आणि डोरो वोत खालच्या इंजेऱ्यात झपाट्याने मुरतात. तिकिल गोमेन (कोबी, गाजर, बटाटा), फोसोलिया (फरसबी-गाजर), बीट हे कोरडे, ते थांबू शकतात. अझिफा थंडच असते: अख्खा मसूर, मोहरीचा झणका, लिंबू. ती मधूनमधून घ्यायची, चटणीसारखी. मांसाच्या ताटात पांढरा भुगा दिसला तर तो अयिब, म्हणजे घरच्या पनीरसारखं, पण कुस्करलेलं आणि जवळजवळ अळणी. त्याचं काम तिखट उतरवणं. तो एकटा खाऊन "याला चव नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

आणि आता उष्ट्याचा प्रश्न. मराठी घरात एका ताटात चौघांनी जेवायचं म्हटलं की निदान एकजण तरी अवघडतो. व्यवहारात अडचण वाटते तेवढी नसते, कारण ताटाचा जो भाग आपल्या समोर आहे तेवढाच आपला असा रिवाज आहे, आणि पलीकडे हात घालणं असभ्य मानतात. वाढतानाही प्रत्येक पदार्थ बहुतेक दोन्ही बाजूंना ठेवतात. तरीही नको असेल तर वेगवेगळी ताटं मागावीत. बहुतेक ठिकाणी कुरकूर न करता देतात, फक्त मागणी देतानाच सांगायला हवं. ताट लावून झाल्यावर ढीग वेगळे करता येत नाहीत. टेबलावर इथिओपियन मित्र असेल तर मात्र गुरशाची तयारी ठेवा. तो मोठा घास करून तुमच्या तोंडात भरवेल. लग्नात घास भरवतात तसाच, पण कुठल्याही साध्या मंगळवारी. नाही म्हणणं तुटक वाटतं. तोंड मोठं उघडणं हाच मार्ग.

डोरो वोत शेअर करताना एक गोची होते. एका वाढणीत बहुधा एकच तंगडी आणि एकच उकडलेलं अंडं येतं, आणि ताटात चौघं. अंड्याचे तुकडे इंजेऱ्यानेच दाबून करावेत. दुसरी तंगडी हवी असेल तर सुरुवातीला सांगावं, जादा पैसे पडतात. या पदार्थाची खरी किंमत रश्शात आहे. कांदा बारीक चिरून तेला-तुपाविना कोरडाच पातेल्यात टाकतात आणि मंद आचेवर, सारखा हलवत, लागेल तसा पाण्याचा शिपका देत, तासभर तरी आटवतात. कोंबडीच्या वजनाइतका कांदा, कधी जास्तच. तो विरघळून लगदा झाला की बेरबेरे, मग तूप, मग कोंबडी. दाटपणा फक्त या कांद्याचा, पीठ लावत नाहीत. घाई केली की खाणाऱ्याला लगेच कळतं: रश्शाचं पाणी कडेला सुटतं आणि इंजेरा चिखल होतो. बेरबेरे कच्चं राहिलं तर मसुरात मिरचीपूड घशाला लागते, करपलं तर कडू. ही दोन लक्षणं मिसिर वोतमध्ये सगळ्यात आधी दिसतात. म्हणून नवी खाणावळ पारखायची तर डोरो वोतऐवजी मिसिर वोत मागवावी, स्वस्तात परीक्षा होते.

बेरबेरे बघून कांदा-लसूण मसाल्याची आठवण येते, पण वास वेगळा. मिरची, लसूण, आलं, मेथी हे ओळखीचं. ओवा, ज्याला ते नेच अझमुद म्हणजे पांढरा अझमुद म्हणतात, आणि कलौंजी, म्हणजे तिकुर अझमुद, काळा. अनोळखी आहेत ते दोन: कोरेरिमा, मोठ्या वेलदोड्याच्या जवळचा पण त्या धुराशिवायचा दाणा, आणि बेसोबेला, तुळशीच्या कुळातली. दुकानातून बेरबेरे घरी नेऊन आपल्या आमटीत घालणारे थोड्याच दिवसांत कंटाळतात, कारण हा मसाला तासभर शिजलेल्या कांद्यासाठी बांधलेला आहे. फोडणीत टाकला की करपतो.

शिरो आपल्याला सगळ्यात लवकर पटतो. भाजलेल्या हरभऱ्याचं मसाला घातलेलं पीठ, पाण्यात शिजवलेलं. पिठल्याचा चुलत भाऊ. "तेगाबिनो" म्हटलं तर घट्ट आणि छोट्या भांड्यात रटरटत येतो. तो ताटावर ओतायच्या आधी दोन मिनिटं थांबावं. जीभ पोळणारे बहुतेक याच पदार्थाने पोळतात.

इंजेऱ्याकडे परत येऊ, कारण ताट चांगलं की वाईट हे शेवटी त्याच्यावर ठरतं. तेफचा दाणा मोहरीहूनही लहान. सुमारे दीडशे दाणे मिळून गव्हाच्या एका दाण्याएवढं वजन भरतं. (नाचणीचं मूळही इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातलंच. तेफ आणि नाचणी ही गवतांच्या एकाच उपकुळातली भावंडं, तेव्हा चव अगदीच परकी वाटत नाही याचं नवल नको.) पिठात पाणी आणि एर्शो घालतात. एर्शो म्हणजे आधीच्या आंबवणावर साचलेलं पिवळसर पाणी, आपल्याकडच्या विरजणासारखं. दोन-तीन दिवसांनी वर आलेलं पाणी काढून टाकतात, त्यातलं थोडं पीठ बाजूला घेऊन पाण्यात खळखळ शिजवतात आणि तो चीक परत मूळ पिठात मिसळतात. या चिकाला अब्सित म्हणतात. डोळे पडतात ते याच्यामुळे. मग मितादवर, म्हणजे अर्धा मीटरहून मोठ्या मातीच्या तव्यावर, बाहेरून आत गोल गोल ओततात, डोळे पडले की झाकण ठेवतात. दोन-तीन मिनिटं. उलटायचा नाही. इतपत तो आंबोळीसारखाच. फरक आंबवण्याच्या दिवसांचा आणि आकाराचा. अमेरिकेतल्या घरांत यासाठी एक भलताच तवा वापरतात: नॉर्वेहून आलेल्या लोकांची लेफ्से नावाची बटाट्याची पोळी भाजायचा विजेचा, सोळा इंची गोल तवा. तो बाजारात आयता मिळत होता.

ताटातला इंजेरा वाकवून बघा. कडा तडकत असतील तर कालचा. डोळे कमी आणि मोठे असतील तर पीठ घट्ट होतं किंवा तवा कमी तापला होता. दाताला चिकटत असेल तर अर्धवट वाफवलेला, किंवा गरमच रचलेला. रंगावरून भाव करू नका. तेफ पांढराही असतो, तांबूस-काळसरही. मात्र फार पांढरा, फार फुगीर आणि आंबटपणा नसलेला इंजेरा दिसला तर त्यात मैदा किंवा गहू भरपूर आहे. हे फसवणूक म्हणून करत नाहीत. तेफ महाग आहे आणि गव्हाने पीठ हाताळायला सोपं जातं. पण ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी हा मोठा धोका आहे. "इंजेरा ग्लुटेन-फ्री असतो" हे वाक्य फक्त शंभर टक्के तेफच्या इंजेऱ्याबाबत खरं. बऱ्याच ठिकाणी तो वेगळा मागावा लागतो, थोडे पैसे जास्त पडतात, आणि कुठे कुठे आदल्या दिवशी फोन करावा लागतो. ताट त्याच तेफच्या इंजेऱ्यावर वाढायलाही सांगा. नाहीतर रोल तेफचा आणि खाली अंथरलेला गव्हाचा, असं होतं.

कित्फोबद्दल थोडक्यात. बारीक चिरलेलं कच्चं गोमांस, कोमट नितर किबे आणि मितमिता, म्हणजे बेरबेरेपेक्षा जहाल मिरचीपूड. कच्चं नको असेल तर "लेब लेब" म्हणावं, नुसतं गरम केलेलं; "येबेसेले" म्हणजे पूर्ण शिजलेलं. गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चं आणि लेब लेब दोन्ही टाळावं.

पेयांत तेज आहे, मधाची दारू, गेशो नावाच्या झुडपाच्या पानांनी-काड्यांनी कडवटपणा आणलेली. गोल बुडाच्या, लांब मानेच्या काचेच्या बेरेलेत येते, प्रयोगशाळेतल्या चंबूसारखी. गोड लागते म्हणून भराभर पिऊ नये. बिअरच्या बाटलीवर "हबेशा" हा शब्द दिसेल. इथिओपियाच्या डोंगराळ भागातले लोक स्वतःला हबेशा म्हणवतात. आपल्याकडे मुरूड-जंजिऱ्याच्या मुलुखाला हबसाण म्हणत ते याच शब्दावरून, आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर याच देशात जन्मलेला. हा धागा इथिओपियन माणसाला सांगितला तर गप्पा रंगतात. फक्त मराठीत आज "हबशी" हा शब्द ज्या सुरात वापरतात तो टेबलावर मोठ्याने उच्चारू नये. शब्द त्यांच्या कानाला ओळखीचा आहे, आणि सूर कोणालाही कळतो.

कॉफीसाठी, म्हणजे बुनासाठी, वेळ काढून जायचं. पूर्ण समारंभाला पाऊण-एक तास लागतो, आणि जेवण संपल्यावर मागितला तर "आज नाही" हे उत्तर मिळतं. बरीच ठिकाणं तो शनिवार-रविवारीच करतात किंवा तीन-चार माणसं असली तरच. जेवणाची मागणी देतानाच सांगितलं की तुम्ही जेवत असताना बिया भाजायला घेतात. कच्च्या हिरवट बिया धुऊन छोट्या कढईत टाकतात, तेल सुटून चकाकी आली की ती धुराची कढई टेबलापाशी आणतात. आरती घेतो तसा तळव्याने धूर आपल्याकडे ओढायचा. न ओढता नुसतं बघत राहिलात तर बाई तशाच उभ्या राहतात. मग बिया कुटतात, जेबेनात, म्हणजे काळ्या मातीच्या लांब मानेच्या सुरईत, उकळतात. बाजूला धूप, आणि खायला पॉपकॉर्न. हो, पॉपकॉर्न. कपांना सिनी म्हणतात, कान नसलेले, त्यामुळे कडेला धरायचे.

तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बेरेका. चोथा तोच, पाणी दर वेळी नवं, म्हणून पहिली कडक, तिसरी पातळ. तिसरीला आशीर्वादाचं मानतात, म्हणून पहिल्या कपानंतर उठून जाणं बरं दिसत नाही. दूध मागू नये, साखर भरपूर मिळते. शेवटचा घोट कपातच ठेवायचा, तळाशी गाळ असतो. घाई असेल तर नुसता जेबेना बुना मागवावा, समारंभाशिवाय. रात्री नऊनंतर तीन कप घेतले तर झोपेचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

बिलात वॉशिंग्टन शहरात जेवणावर १० टक्के कर, मेरीलँडमध्ये ६. टिप १८ ते २० टक्के, पण आधी सेवा शुल्क लावलेलं नाही ना ते बघावं, नाहीतर दोनदा दिली जाते. एकच ताट असल्यामुळे कोणी किती खाल्लं याचा हिशेब करता येत नाही. समान वाटून टाकावं.

उरलेलं नेताना वोत एका डब्यात, न वापरलेले रोल वेगळ्या पिशवीत. ताटच उचलून डब्यात टाकू दिलं तर घरी पोचेपर्यंत लापशी होते. इंजेरा बाहेर दोन दिवस राहतो, फ्रिजमध्ये ठेवला तर कडक होऊन तुटतो, मग ओल्या कापडात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद. त्याहून जास्त ठेवला की रबर. आणि जो अगदीच वाळला असेल त्याचे तुकडे करून उरलेल्या मिसिर वोतमध्ये, थोडं पाणी घालून, परतून टाका. त्याला फिरफिर म्हणतात. फोडणीच्या पोळीसारखी सकाळची सोय, आणि खाणावळीतही न्याहारीला मेन्यूत मिळते, पण उरलेल्या ताटाची चव तिला येत नाही.